खर्र्याबरोबर चिठ्ठी

देवळीच्या बस स्टँडमागे एका कारागिराचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन टाकताना आम्ही गिऱ्हाइकं पासवर्डची चिठ्ठी फोनच्या पाठीला चिकटवतो. त्याला ते अजिबात खपत नाही. "पासवर्ड काऊन देता, सर? त्याच्याबिगर आतलं मलेबी दिसत नाई अन् सरकारलेबी," तो तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा सांभाळत सावकाश बोलतो. मी तरीही चिठ्ठी चिकटवलीच.

फोन घ्यायला गेलो, तर मागोमाग साध्या कपड्यातला पोलीस आला. शिक्षकांच्या मोर्चाचा ग्रुप कोण चालवतं, हे त्याला हवं होतं. तो ग्रुप मीच चालवत होतो. "काउंटरवरचे सगळे फोन उघड," असं कारागिराला म्हणत तो माझा चेहरा न्याहाळू लागला. तेवढ्यात कारागिरानं खर्र्याची पुडी सोडली, माझ्या फोनवरची चिठ्ठी सोलली आणि खर्र्याबरोबर तोंडात टाकली.

"साहेब, मले काच बदलवता येते. कुलूप खोलता येत नाई."

पोलीस गेल्यावर तो बाहेर थुंकून आला. फोन देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

"पासवर्ड आजच बदलवून टाकजा, सर. मले तो पाठ झाला. ठाण्यात नेलं, तर मी सांगून देईन."