काळी गाडी आणि उजवा पाय

आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ते पहिल्यांदा बोलले ते आमच्याबद्दल नाही, दारात गंजत उभ्या असलेल्या त्यांच्या मोटरसायकलबद्दल.

"खोल सगळी. रंग काढ. मी चालवणार हाय तिला."

दोनचाकी विसरा, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. आई म्हणत होती, एवढ्यात त्यांना बोलू नको. पण खोटा धीर देणाऱ्यांचा मला संताप येतो आणि तो माझ्यात आबांनीच भरलाय. त्यांच्या अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांच्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अक्षरं गिरवत मी मोठी झाले. डॉक्टर काय म्हणाले ते मी आबांना सरळ सांगून टाकलं. ते वाकड्या ओठांनी हसले.

"डॉक्टर काय देव हाय व्हय? आन देव तरी कुठं हाय?"

तेव्हा मीही हसले.

गाडी मी पार चासीपर्यंत खोलली. इंजिन एका गॅरेजवाल्यानं बघून दिलं, बाकीचं लोखंड उद्यमनगरातून काळं रंगवून आणलं. शिवाजी पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत टाकी कॉटवर, दिवे कधीच देव न ठेवलेल्या कोनाड्यात आणि बोल्ट आईच्या वाट्यांत. आबा खुर्चीतून सांगायचे, मी जोडायचे. रंग बोल्टच्या भोकांतल्या आट्यांत जाऊन बसला होता, बोल्ट फिरेनात. एकेक भोक साफ करताना बोटं सोलवटली. पण त्याचं काही नव्हतं. मागचं चाक बसलं तसा आबांनी व्यायाम वाढवला. टाकी बसली त्या दिवशी भिंतीला धरून पाय उचलायला गेले आणि कॉटवर कोसळले. गाडी पुरी झाली की ती आपल्याला चालवता येणार नाही, हे त्यांना कळणार होतं. आणि ती पुरी करत होते मी.

एका रविवारी सकाळी ती गल्लीत काढली. किक मारली. परत मारली. घामाघूम झाले. समोरचे काका तोंडात ब्रश धरून बघत होते.

"नवरी नटवलीस झ्याक," ते म्हणाले, "पर बोलंना की गं."

आबांची खुर्ची दारात होती. ते हळूच म्हणाले, "चाकाखाली लिंबू ठेव."

चेष्टा असेल म्हणून मी वळून बघितलं. चेष्टा नव्हती. तीन रस्त्यांच्या तिकटीवर कुणी उतारा टाकला की त्यातलं लिंबू उचलायचं, भर सभेत पिळायचं आणि सरबत करून प्यायचं, असला हा माणूस. लोक घाबरून मागं सरायचे आणि मी पहिल्या रांगेत टाळ्या वाजवायचे.

"आबा, काय बोलताय?"

"ठेव की. कुणाचं काय जातंय."

आई उंबऱ्यात आली. "अवो, माझी दारावरची लिंबं गटारीत फेकलीसा. मिक्सरला कुंकू लावलं तर आठ दिस बोलला न्हाईसा माझ्याशी. घरात लिंबू हाय, पर ते आता आमटीचं हाय. माझा इस्वास काढून घेतलासा, तो कुठनं आणू?"



मी रागारागानं टाकी पुन्हा उतरवली. कारण सापडलं. अर्थिंगची वायर मी ताज्या रंगावरच आवळली होती आणि रंगातून वीज जात नाही. तेवढ्यापुरता रंग खरवडला, लोखंड उघडं केलं, वायर बसवली. टाकी चढवून किक मारली आणि गाडी सुरू झाली.

"बघा," मी म्हणाले. "कारण होतं." माझा आवाज उगाच सभेतल्यासारखा चढला.

"गाडीचं खरवडून निघालं," आबा म्हणाले. "माझं काय खरवडणार हाईस? ठेव की एक लिंबू."

"न्हाई ठेवणार."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या खांद्याला धरून उठले आणि गाडीपाशी आले. गाडीवर डावीकडून चढतात, म्हणजे डाव्या पायावर उभं राहून उजवा पलीकडं टाकायचा. त्यांनी डाव्या हातानं हँडल धरलं, डोळे मिटले आणि पाय उचलला. तो सीटपर्यंतही गेला नाही. चप्पल निसटली, अंगठ्याचं नख बाजूच्या पत्र्यावरून खरवडत खाली आलं. काळ्या रंगावर पांढरी रेघ उमटली. मी त्यांना कमरेला धरलं म्हणून ते पडले नाहीत.

आबांनी त्या रेघेकडं बघितलं.

"ठेवलं असतंस तर," ते म्हणाले.

एवढंच. समोरचे काका केव्हाच आत गेले होते. आई खाली बसून आबांच्या पायात चप्पल घालत होती, पण पायाचं बोट चपलेच्या अंगठ्यात जाईना. इंजिन तसंच चालू होतं. ते बंद करायचं माझ्या लक्षातच आलं नाही. शेवटी आबांनीच हात लांबवून चावी फिरवली.