कंपनीचा रंग

दसऱ्याच्या सकाळी आमच्या अमरावतीच्या घरात झेंडूच्या उग्र गंधात बंदुकीच्या तेलाचा वास मिसळलेला असे. पाटावर बाबांची वकिलीची पुस्तकं, आईचा विळा आणि मधोमध आजोबांकडून आलेलं विलायती रिव्हॉल्व्हर; अशी ती आमची अजब शस्त्रपूजा! त्या पोलादाची निळीकाळी कांती मला पिकल्या जांभळासारखी वाटे. बाबांनी ते उभ्या आयुष्यात एकदाही झाडलं नाही. पण पाहुणा आला की न चुकता सांगत, "रंग कंपनीचा आहे बरं का! याले कोणी हात नाही लावला." बाबा कोर्टातसुद्धा खोटं बोलत नाहीत असा त्यांचा लौकिक, त्यामुळे त्या रंगावर शंका घेणार कोण?

बाबा गेले, परवाना माझ्या नावावर झाला. यंदाच्या दसऱ्याला त्यांचे एक जुने स्नेही आले. अशा वस्तूंचे शौकीन ते. चष्मा कपाळावर चढवून रिव्हॉल्व्हर न्याहाळत सहज बोलून गेले, की रंग मागाहून दिलेला दिसतो. झालं! मला त्यांचा असा राग आला की चहा द्यायचंही मी विसरले.

दुपारी आईनं मला जवळ बसवलं आणि सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला हळदीकुंकवाचे डाग निघेनात, म्हणून देवाच्या पितळी भांड्यांबरोबर तिनं रिव्हॉल्व्हरही चिंच आणि राख लावून घासघासून घासलं होतं. चांदूर बाजारच्या भटजींची लेक ती! देवापुढची वस्तू लखलखली पाहिजे, एवढंच तिला ठाऊक. बाबा त्या पांढऱ्या पडलेल्या पोलादाकडे पाहतच राहिले. चार दिवसांनी ते पुन्हा काळंभोर होऊन घरी आलं. नुसतं तेल पाजलं अन् मूळचा रंग वर आला, एवढंच ते म्हणाले. "तू अकोल्याले जाऊन दाखवून ये," आई म्हणाली. "माह्या हातानं नास झाला असंन, तर मले समजलं पाह्यजे." इतक्या वर्षांनी तिचा आवाज नव्या नवरीसारखा कापत होता, आणि मला तिची फार माया आली.

अकोल्याचे गफूरभाई पिढीजात बंदूक-मिस्त्री. त्यांनी रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची खात्री केली, खिडकीच्या उजेडात ते हळूहळू फिरवलं, आणि मला पाहायला शिकवलं. नळीवरची अक्षरं बघा, म्हणाले. कंपनीची अक्षरं बोटाला टोचतात, ही घासून गुळगुळीत झाली आहेत. स्क्रूच्या भोकांच्या कडाही त्याच घासण्यानं खाली बसल्या आहेत. आणि भिंगातून दिसले ते गंजाचे बारीक खड्डे. खड्ड्यांच्या तळाशीही तोच निळा रंग! गंज आधी, रंग नंतर. आमच्या हळदीकुंकवानंच पाडलेले ते व्रण होते. शेवटी त्यांनी मुठीच्या लाकडी पट्ट्या काढल्या. आत, कुणाला दिसू नयेत अशा जागी, तीन ठिपके कोरलेले. गफूरभाईंनी त्यांवरून अंगठा फिरवला. "ताई, हे तर माह्या अब्बाचं काम आहे. वकीलसाहेबाचा किस्सा अब्बा लय वेळा सांगत. दिवसभर इथं स्टुलावर बसून राह्यले, अन् एकच म्हणत, हुबेहूब करा मिस्त्री, घरी बाईले समजलं नाही पाह्यजे."

परतीच्या बसमध्ये पर्स घट्ट छातीशी धरून मी हसत होते आणि डोळेही पुसत होते. सत्याला जपणारा माझा बाप एका नवख्या पोरीचं मन राखण्यासाठी जन्मभर, पाहुण्यांमागून पाहुण्यांना, बेधडक खोटं सांगत आला! मूळ रंगाची थोरवी जाणकार गातात ते ठीकच. मिस्त्रीनं दिलेल्या रंगाला संग्राहक हातही लावत नाहीत म्हणे. न लावोत बापडे! पण आईला काय सांगायचं? खरं सांगितलं तर तिच्या हातून नास झाला हे सिद्ध होणार, आणि बाबांनी इतकी वर्षं राखलेलं मी एका वाक्यात मोडणार. बडनेरा येईपर्यंत माझं ठरलं.

आई ओट्यावर वाती वळत बसली होती. मी दारातच म्हटलं, "कंपनीचाच रंग आहे गं. मिस्त्रीनं चांगला पारखून सांगितलं."

तिनं हातातली वात पुरी केली, ती ताटात ठेवली, आणि माझ्याकडे पाहत इतकं गोड हसली, की वाटलं, जिंकले.

"तुह्ये बाबाबी असंच बोलले होते," ती म्हणाली. "असंच दारात, चपला काढता काढता, माह्याकडं न पाहता."