प्रीनीचं पाणी

न्यू जर्सीत आल्यापासून माझी सिव्हिल इंजिनिअरिंगची डिग्री कपाटातच पडून होती. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी जवळच्या कॉलेजात नगररचनेच्या कोर्सला नाव घातलं. ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. वर्गातली बहुतेक मुलं माझ्याहून लहान.

पहिल्याच सत्रात प्रोफेसरबाईंनी प्रीनी शिकवलं. आजच्या तुर्कस्तानातलं, डोंगरउतारावर वसवलेलं प्राचीन ग्रीक शहर. रस्ते एकमेकांना काटकोनात आखलेले. उतार आला म्हणून रेघ वाकवलेली नाही. चढाच्या रस्त्यांना चक्क पायऱ्या केलेल्या. नकाशा पाहून मी हरखलेच.

"एवढ्या उंचावर पाणी कुठून यायचं?" मी विचारलं.

"तोच तुमचा पेपर," बाई म्हणाल्या. "मात्र उत्खननाचा मूळ अहवाल जर्मनमध्ये आहे. दुसरा विषय घेतलात तरी चालेल."

घरी नवरा म्हणाला, "अगं, टॉपिक चेंज कर ना. ग्रेडशी मतलब."

"मला पाणी कुठून आलं ते हवंय," मी म्हणाले.

लायब्ररीने मागवून दिलेला अहवाल उचलतानाच धडकी भरली. शब्दकोश शेजारी ठेवून मी रोज दुपारी एकेक परिच्छेद सोडवायला बसायची. जर्मनमध्येही क्रियापद पुष्कळदा वाक्याच्या शेवटी येतं हे कळलं, तेव्हा जरा धीर आला. मुलगी शाळेतून येऊन विचारायची, "आई, स्टिल ऑन दॅट पेज?"

"हो. आणि कळेपर्यंत त्याच पानावर राहणार."

हळूहळू उलगडत गेलं. डोंगरातलं पाणी शहराच्या वरच्या टोकाला टाक्यांत येई, तिथे गाळ खाली बसे, मग मातीच्या नळांतून ते रस्त्यारस्त्यांवरच्या पाणवठ्यांना उतरे. मी मोठ्या हौसेने आराखडा काढून दाखवला.

बाईंनी चष्मा वर केला. "तुमचे हे नळ चढावर चाललेत."

खरंच होतं. एका शब्दाचा अर्थ मी उलटा लावला होता. बाई म्हणाल्या, चूक कबूल करून तळटीप द्या, पुरे. मला ते पटेना. तो कागद बाजूला सारून मी सगळा आराखडा पहिल्या रेघेपासून पुन्हा काढला. या खेपेस पाणी खाली उतरलं.

सत्र संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. "उन्हाळ्यात आम्ही ग्रीसमध्ये एका उत्खननाला जातोय. नकाशे काढायला माणूस हवंय. घरी विचारून सांगा."

"येते," मी म्हणाले. घरी सांगितलं ते नंतर.