एका कानात धडा

वानखडे साहेबांच्या एका कानात नेहमी इअरफोन असायचा. कारंजाच्या दवाखान्यात ते पेशंटला भूल द्यायचे आणि मी तिथे साफसफाई करायचे. मला वाटायचं, जुनी गाणी ऐकत असतील. एकदा त्यांनीच दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आत कोणी डॉक्टर शिकवत होते, भुलीबद्दल, दुखण्याबद्दल. अर्धं इंग्रजीच.

कंपाउंडर चिडवायचा, "साहेब, रिटायर व्हाच्या वयात शाळेत चालले का?"

"औषधं नवी येऊन राह्यली. मीच जुना राह्यलो तं पेशंटनं काय कराव?"

ऐकून झालं की ते मला समोर बसवून सगळं आपल्या बोलीत सांगायचे. "तुमाले समजलं म्हंजे मले समजलं." मी चौथी शिकलेली, मान खाली घालून ऐकायचे. एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, "आपल्याकडच्या बाया तोंडानं दुखनं सांगत नाईत. पायाची बोटं पाहाव."

इंझोरीची एक म्हातारी मांडीचं ऑपरेशन होऊन पडली होती. सिस्टर म्हणाल्या, शांत आहे. फरशी पुसताना मला तिची बोटं दिसली. आत वळलेली, घट्ट. पण सांगणारी मी कोण? बादली घेऊन साहेबांच्या दारात उभी राहिले.

"काय झालं, सुमनबाई?"

मी नुसतं माझ्या पायाकडे बोट दाखवलं. ते लगेच उठले आणि माझ्यामागे म्हातारीच्या खाटेपाशी आले.

"दुखते का, माय?"

"नाई बापा. तुमाले कायले तरास."

त्यांनी पाय पाहिले आणि इंजेक्शन दिलं. जाताना मला म्हणाले, "आज धडा तुमी घेतला. पन तोंडानं सांगत जा."

मागच्या वर्षी त्यांना कॅन्सर झाला. त्यांच्या घरी गेले तेव्हा खोली पाहुण्यांनी भरली होती. साहेब सगळ्यांना हसून सांगत होते, "मस्त हाय. कायी दुखत नाई." मी पायथ्याशी उभी होते. चादरीतून बोटं बाहेर आली होती, आत वळलेली.

इतक्या लोकांत मी कधी बोलले नव्हते.

"साहेबाले दुखून राह्यलं," मी म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग मुलाला म्हणाले, "बाई बरोबर सांगते. डॉक्टरले फोन लाव."

इंजेक्शन झालं, पाहुणे गेले. साहेबांनी उशाजवळचा इअरफोन घेतला आणि एक टोक माझ्याकडे केलं. ती आमची शेवटची भेट. दोघं ऐकत बसलो. मला धड्यातलं काही कळत नव्हतं. मी त्यांच्या पायांकडेच पाहत होते. बोटं हळूहळू सैल झाली.