लिंबाचा फोटो

तो फोटो मी काढला होता. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर इकडचं तिकडचं सांगत बसेन आणि नेमकं तेवढंच राहून जाईल. इतकी वर्षं तसंच करत आलो.

दाखले-रेशनच्या ऑनलाइन कामांचं माझं सेवा केंद्र जुन्या महामार्गावर फाट्याला होतं. नवा चौपदरी रस्ता गावाबाहेरून गेला आणि जुना कुणाचाच राहिला नाही. डांबर उखडलं, मैलाचे दगड झुडपात बुडाले. तरी बांबूचे आणि धानाचे ट्रक अंतर वाचवायला इथूनच घुसतात. या रस्त्यानं रोज जाणंयेणं करणाऱ्यांचा मोबाइलवर एक ग्रुप होता. गुरुजी होते, टेम्पोवाला होता, ऊर्जानगरला प्लँटमध्ये नोकरी करून शनिवारी गावी येणारा एक जण होता, आणखी बरेच. सकाळी पहिला निघेल त्यानं रस्त्याची खबर टाकायची, असा रिवाज.

"दुसऱ्या पुलियाजवळ वाघीण बसून आहे. दुचाकीवाल्यांनी थांबा."

"तिले म्हणा, एवढी बसलीच आहे तं गड्डे भरून दे."

"ट्रकवाल्यानं कट मारला बे. सापडू दे, हातपाय तोडतो त्याचे."

"तोड. मी धरून ठेवतो."

मीही टाकायचो. "सर्व्हर डाऊन. कोणी येऊ नका. कॉम्प्युटर कुऱ्हाडीनं फोडून राह्यलो."

"फोड गा. व्हिडिओ टाकजो."

अशी आमची भाषा. चहा पिता पिता कुणाचं डोकं फोडायचं, कुणाला झाडाला उलटं टांगायचं. खरंच कुणी मारायला निघत नसे. एकदा मात्र निघाले. एका ट्रकनं गुरुजींची गाडी नालीत पाडली होती. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर फाट्यावर चहाला उतरला. टेम्पोवाल्यानं त्याची कॉलर धरून त्याला रस्त्यावर फरफटवलं. ट्रकच्या काचा फुटल्या, ड्रायव्हरचा कान फाटला. मी काउंटरमागून व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करतो.

सगळे ज्याला बाबा म्हणत तो म्हातारा यायचा तीन किलोमीटर आतल्या टोल्यावरून, म्हणजे जंगलातल्या छोट्या वस्तीवरून. बांबू चिरून सुपं-टोपल्या विणायचा. कुणाला ताप आला, विंचू चावला, तर जंगलातली मुळी उगाळून द्यायचा. रेशनच्या केवायसीसाठी त्याचा अंगठा मशीनवर उमटत नव्हता. जन्मभर बांबूच्या पात्या सोलून बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मशीनवर लाल दिवा, मागं रांग, आणि मी ओरडणार.

"पुसा. परत ठेवा. जोरानं."

तिसऱ्या खेपेला मी त्याचा अंगठा माझ्या हातात धरून काचेवर इतका दाबला की नख पांढरं पडलं.

"दाबा जी, दाबा," तो म्हणाला. "मले दुखत नाई."

मग मी त्याला सांगितलं, "लिंबू घासून या बाबा. मळ निघते, रेघा उघडतात." आम्ही केंद्रवाले सगळ्यांनाच सांगतो असं काहीतरी. कुणाला लिंबू, कुणाला टूथपेस्ट. खरं खोटं कुणाला माहीत. तेवढ्या वेळात रांग पुढं सरकते.

चौथ्या खेपेला तो आपल्या अंगणातलं लिंबू फडक्यात बांधून घेऊन आला. माझ्याच टेबलावर बांबू चिरायच्या सुरीनं कापलं आणि अंगठा घासू लागला. ओठ हलत होते. "लाग बाप्पा, लाग आता," असं काहीतरी मशीनला म्हणत होता. तेवढ्यात लाइन गेली आणि कॉम्प्युटर पट्कन बंद पडला. रांगेतले हसले. मी मोबाइल काढला. काळ्या पडलेल्या स्क्रीनपुढं अर्धं लिंबू, त्यावर वाकलेला म्हातारा. खाली लिहिलं, "हे पाहा, आमच्या सर्व्हरवर करणी. आता समजलं रोज हँग काऊन होते."

हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. मग टेम्पोवाल्यानं विचारलं, "हा आमच्या टोल्यावरचाच ना?"

मी लिहिलं, "तोच."

"मग आमच्या गायी कोण मारून राह्यलं तेही समजलं."

त्यावर मी एक हसरं तोंड टाकलं आणि जेवायला गेलो.

टेम्पोवाल्याच्या भावाचा पोरगा पंधरा दिवसांपूर्वी तापानं गेला होता. हे मला माहीत होतं. मातीला मी स्वतः गेलो होतो. त्या पोराला पहिले दोन दिवस बाबाचीच मुळी उगाळून दिली होती, हेही तिथं कानावर आलं होतं. तरी मी ते हसरं तोंड टाकलं.

दोन दिवसांनी तो फोटो दुसऱ्याच कुठल्या ग्रुपवरून फिरत माझ्याकडं परत आला. माझं वाक्य त्यात नव्हतं. त्याच्या जागी एकच शब्द होता, "पुरावा". मी आमच्या ग्रुपवरचा माझा फोटो पुसून टाकला. पुसला म्हणजे संपलं असं वाटलं. बाबाला निरोप धाडावा, बाजाराच्या दिवशी येऊ नको म्हणावं, हेही मनात आलं होतं. धाडला नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी तो सुपांचा भारा घेऊन आला. भारा माझ्या दारात ठेवला आणि रांगेत उभा राहिला. टेम्पोवाल्यानं आणि टोल्यावरच्या लोकांनी त्याला रांगेतून ओढलं. टेम्पोच्या नायलॉनच्या दोरीनं विजेच्या खांबाला बांधलं. त्याच्याच भाऱ्यातल्या सुपांवर पाय देत लोक पुढं येत होते, बांबू कडाकडा मोडत होता. त्याच मोडलेल्या पात्यांनी त्याला मारू लागले. बांबूची पाती चाबकासारखी नसते, ती कापते. त्याच्या पाठीवर, दंडावर लाल रेघा उठल्या आणि लगेच वाहू लागल्या. एका बाईनं चप्पल काढून त्याच्या डोक्यात घातली. ती रोज माझ्याकडं मुलीच्या दाखल्यासाठी येत असे. सगळे ओळखीचे होते. टेम्पोवाला मारता मारता हमसून रडत होता. "पोरानं काय केलं होतं रे तुले? काय केलं होतं?" एवढंच परत परत म्हणत होता.

मी शटर अर्धं ओढून आत उभा होतो. टेम्पोवाल्यानं ते वर फेकलं आणि मला दंडाला धरून बाहेर आणलं.

"तू सांग सगळ्यायले. तुझ्यासमोर केलं ना यानं? लिंबू होता का नाई?"

"होता," मी म्हणालो.

"मंत्र म्हणत होता का नाई?"

"ओठ हलत होते."

दोन्ही उत्तरं खरी होती. गंमत होती रे, मी गंमत केली, हे शब्द माझ्या तोंडातच होते. टेम्पोवाला म्हणाला, "मग मार. नाई मारलं तं तू याच्यातलाच."

मी मारलं. उघड्या हातानं, डाव्या गालावर. पोलिसांना, बायकोला आणि पुढं बाबाच्या मुलीला मी एवढंच सांगितलं: भीतीनं एक थापड मारली. दुसरी कुणालाच सांगितली नाही.

पहिल्या थापडीनं बाबाची मान वळली आणि परत सरळ झाली. त्यानं मला ओळखलं. राग नव्हता तोंडावर, एखादा हिशेब चुकला म्हणजे माणूस गोंधळून पाहतो तसं त्यानं पाहिलं आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "लिंबू तं तुम्हीच सांगितला जी."

टेम्पोवाला हाताच्या अंतरावर होता. त्याचा हात खाली आला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. "काय म्हणून राह्यला हा?"

तेव्हा मी दुसरी मारली. मुठीनं, तोंडावर. हाताला दात लागले. बाबाच्या तोंडातून रक्त आलं आणि पुढचं बोलणं त्या रक्तातच राहिलं. "खोटं बोलते," मी ओरडलो. इतका मोठा आवाज माझा मी कधी ऐकला नव्हता. मग बाकीचे परत तुटून पडले. डोळा त्याच्यानंतर गेला. पाती कुणाच्या हातातली होती ते मी पाहिलं नाही. मी आत जाऊन हात धूत होतो.

पोलीस आले. माझा जबाब झाला. शटर ओढून आत होतो, गर्दीनं ओढत नेलं, जबरदस्तीनं एक थापड मारायला लावली, असं सांगितलं. लिंबाचं काही बोललो नाही. टेम्पोवाला आणि आणखी काही जण आत गेले, मी साक्षीदार झालो. ग्रुप बंद पडला. महिन्याभरात दुसरा निघाला, त्यात मलाही घेतलं. पुलियाजवळ अस्वल आहे, ट्रकवाल्याले ठोका, सर्व्हर डाऊन. सगळं पहिल्यासारखंच. मीही लिहीत होतो.

पाच-सहा महिन्यांनी बाबाची मुलगी त्याला घेऊन केंद्रात आली. ती धानोऱ्याकडं दिली आहे. दवाखान्यातून सुटल्यापासून तो तिच्याकडंच होता. आता डोळा वाचणारं मशीन आलं होतं. अंगठ्याची गरज नव्हती. मी ते त्याच्या उरलेल्या डोळ्यासमोर धरलं. मला त्या डोळ्याकडं पाहवेना, मशीन कललं, तेव्हा त्यानंच ते दोन्ही हातांनी धरून स्थिर केलं. हिरवा दिवा लागला.

"झालं? आज लवकर झालं जी," तो म्हणाला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

मुलगी थांबली.

"भाऊ, एक विचारू? बाबा म्हणते, लिंबू आणाले तुम्हीच सांगितलं होतं. समोरचा वकील म्हणते, हे मागाहून बनवलं. त्या दिवशी म्हातारा असं बोलल्याचं कोणीच ऐकलं नाई."

मी बाबाची पावती काढू लागलो.

"टोल्यावर घर तसंच पडलं आहे. मी न्यायले तयार आहो, पण लोक उभं राहू देत नाई. म्हणतात, करणी नव्हती तं लिंबू काऊन नेला? बोरिंगवर पाणी भरू देत नाई. बाबाले माझ्याकडं करमत नाई. रोज म्हणते, मले घरी मराले ने. तुम्ही सांगितलं असन तं तेवढं बोलून द्या ना जी."

"मीच सांगितलं होतं," मी म्हणालो. "फोटोही माझाच. आणि एक थापडही मारली."

तिनं टेबलावरचा कीबोर्ड उचलून माझ्या तोंडावर मारला. कळा उडून फरशीवर पसरल्या, भुवईतून रक्त आलं. रांगेतले धावले. मी त्यांना मागं सारलं. ती धापा टाकत म्हणाली, "हे इथी काऊन सांगता? जाऊन सांगा जिथं सांगाचं तिथं."

गेलो. आधी टोल्यावर गेलो, ग्रामसभेत उभा राहिलो. लिंबू मी सांगितलं होतं, करणीचं मी गमतीनं लिहिलं होतं, असं म्हणालो. मग जामिनावर सुटलेला टेम्पोवाला मागून म्हणाला, "आता दया येऊन राह्यली म्हाताऱ्याची, म्हणून बोलतो. तसं असतं तं म्हातारा तवाच नसता बोलला?"

लोकांनी माना हलवल्या. टेम्पोवाल्याला बाबाचं ते लिंबाचं वाक्य ऐकू आलं होतं, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. तो माझ्या डोळ्यांत पाहून बोलत होता. मी त्या मुठीचं कधीच सांगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला स्वतःला तर ते विसरणं भागच होतं. नाहीतर आपण पोराच्या दुःखात एका निर्दोष माणसाचा डोळा फोडला, हे घेऊन त्याला रोज टेम्पो चालवावा लागला असता.

त्या दिवशी सभेतही मी दुसरी सांगितली नाही. घरी आलो. तीन दिवस केंद्र बंद ठेवलं. चौथ्या दिवशी ठाण्यात जाऊन पुरवणी जबाब द्यायचा आहे म्हणालो.

जमादार ओळखीचा होता. "कशाले उकरून राह्यले भाऊ? साक्षीदार आहा, साक्षीदारच राहा. यानं आरोपीत नाव येईन."

"येऊ द्या."

त्यानं कागद ओढला. "बोला."

"मी दोनदा मारलं. पहिली डाव्या गालावर. दुसरी मुठीनं, तोंडावर."

तो लिहिता लिहिता थांबला. "तोंडावर काऊन?"

"बोलत होता म्हणून."

"काय बोलत होता?"

मी सांगितलं. शब्द जसेच्या तसे सांगितले, तेव्हा कोण कुठं उभं होतं तेही सांगितलं. त्यानं सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं, सही घेतली. मग कागद उचलून तो साहेबांच्या खोलीकडं निघाला आणि दारातून मागं वळून म्हणाला, "तिथी बाकावर बसा. घरी जाऊ नका आता."