शेवटचा माणूस आत येईपर्यंत

माझी शेवटची पोस्टिंग बर्फात होती. आताची ड्यूटी अबूधाबीच्या खलिफा सिटीत, एका व्हिला कंपाउंडच्या गेटवर, सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून. मी सुभेदार दत्ताराम सावंत, रिटायर्ड, गाव कुडाळकडे. इथली मंडळी भेटली की म्हणतात, काका, फौजेतलं काहीतरी सांगा ना. त्यांना तोफा हव्या असतात. माझ्याकडे एका जेवणाची गोष्ट आहे. ऐकायची तर ऐका.

आमच्या पलटणीत प्रत्येक रिक्रूटला एका इंग्रज जनरलची गोष्ट शिकवत. दुसऱ्या महायुद्धात पलटण त्याच्या हाताखाली लढली होती. आम्ही त्याला नुसतं जनरलसाहेब म्हणायचो. शाळामास्तरचा पोरगा. पहिल्या युद्धात गोळी खाल्ली, मग हिंदुस्थानात आपल्या लोकांत वर्षानुवर्षं छोट्या हुद्द्यावर सडला. मराठीत अस्सल शिव्या द्यायचा म्हणे. दुसऱ्या युद्धात त्याच्या हाती आली ती मार खाल्लेली आर्मी. माघारीत तो रस्त्याच्या कडेला उभा राहिला. शेवटचा माणूस आत येईपर्यंत खाली बसला नाही, की जेवला नाही. पुढे तीच आर्मी घेऊन जिंकलासुद्धा. तेव्हापासून आमचा रिवाज पडला. शेवटचा जवान आत आल्याशिवाय कमांडर जेवायला बसत नाही.

मेजर नेल्सन डाबरे हे माझे कंपनी कमांडर. वसईचे ख्रिस्ती. माणूस हसरा, गाणं भिकार, पण गायचे. जनरलसाहेबांचं जाडजूड इंग्रजी चरित्र त्यांच्या बेडिंगमध्ये कायम असायचं. ते गेले तेव्हा त्यांची मुलगी रिया दोन वर्षांची होती. त्यांच्या पत्नी शीला मॅडम तिला घेऊन अबूधाबीला भावाकडे आल्या आणि हॉटेलच्या फ्रंट ऑफिसला लागल्या. मला इथली नोकरी त्यांनीच बघून दिली.

या वर्षी एका शनिवारी मॅडमनी जेवायला बोलावलं. मी पोचलो तर त्या किचनमध्ये, डोळे लाल.

"साहेब, रिया बारावीनंतर आर्मीत जायचं म्हणते. इंडियात. अकॅडमीची तयारी चाललीय तिची."

"पण ती तर इथंच वाढलेली."

"तेच ना! जन्मात बर्फ बघितलं नाही. नेल्सनचं ते पुस्तक वाचलं, बस्स. त्या पुस्तकाने माझा नवरा नेला, आता पोरगी नेतंय. शेवटचं प्रकरण मात्र कोणी वाचत नाही. म्हातारपणी तो जनरल जेवायला बसायचाच नाही. टेबलापाशी उभा. बायको रोज हात धरून सांगायची, सगळे आत आलेत, बसा आता. तेव्हा कुठे घास घ्यायचा." त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "तुम्ही होतात तिथे. तिला खरं खरं सांगा. शौर्यबिर्य नको. तिला भीती वाटली पाहिजे."

मी म्हटलं, सांगतो. मला ते पटलं होतं. एका घरातून एक माणूस पुरे.

रिया टेबलापाशी बसली होती. "हाय अंकल! मम्मीने तुम्हाला ब्रीफ केलं ना? यल्ला, चला, बोला."

मी बोललो. आडपडदा ठेवला नाही.

त्या दिवशी आमच्या बर्फातल्या पोस्टवरून तिघांची गस्त सकाळी खालच्या पोस्टवर गेली होती. दोन वाजेपर्यंत परत यायची. दुपारी हवामान बिघडलं. चार वाजता दोघेच आले. नायक तुकाराम खोत म्हणाला, शिपाई शेलार नाल्यात घसरला, खाली दिसतोय, पण हलत नाही. मेजरसाहेबांनी बटालियनला रेडिओ लावला. उत्तर आलं, "कोई बाहर नहीं जाएगा. सर्च कल सुबह. ओव्हर."

आत जेवण वाढलं होतं. डाळ, भात, डब्यातली भाजी. साहेब उभेच.

मी म्हटलं, "साहेब, बसा. ऑर्डर आहे."

"शेलार आत आलाय?"

"नाही, साहेब."

"मग कसा बसू?"

त्यांनी दोर घेतला. जागा दाखवायला खोतला घेतला आणि दोर धरायला आणखी दोघांना. खोत गारठून गेला होता. त्याच्या हातातला चहा अर्धा राहिला. जाताना साहेब मला म्हणाले, "पोस्ट तुमची, सावंतसाहेब."

तासाभराने रेडिओ आला. "शेलार मिळाला. गेलाय तो. वर आणतोय. जेवण गरम ठेवा." त्यानंतर वरून बर्फ सुटलं. दोर धरणारे दोघे वाचले. साहेब आणि खोत गाडले गेले. तिघांनाही आम्ही दुसऱ्या दिवशी काढलं. डॉक्टर म्हणाला, शेलार पडल्या पडल्याच गेला होता.

"ऐकलंस?" मी रियाला म्हटलं. "तुझ्या बापाने ऑर्डर मोडली. मेलेल्या माणसासाठी गेला. सुखरूप परत आलेला खोत त्याच्यापायी मेला. खोतच्या आईने मला विचारलं, माझा तुका आत आला होता ना हो? काय सांगू तिला? आणि तो तुझा जनरल! त्याचं ते उभं राहणं पुस्तकात शोभतं. माझ्या पोस्टवर त्याने दोन माणसं खाल्ली. त्याला स्वतःला म्हातारपणी घास गिळत नव्हता, बायकोला हात धरून बसवावं लागायचं. हे आहे ते. यात जायचंय तुला?"

माझा आवाज चढला होता. एवढं मी आजवर कोणापुढे बोललो नव्हतो. दारात शीला मॅडम भाताचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. 'मेलेल्या माणसासाठी' हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं.  पातेलं टेबलावर ठेवून त्या पुन्हा आत वळल्या.

रिया टेबलाकडे बघत राहिली. पोरगी घाबरली, असं मला वाटलं. देवाशपथ, बरं वाटलं.

मग ती हळूच म्हणाली, "सो ही डिड नॉट सिट."

आणि खुर्ची मागे सारून उभी राहिली.

"अगं, बस. जेवून घे," मी म्हटलं.

"मम्मी बसली नाही अजून, अंकल."

 करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. बापाचं मरण जितकं वाईट करून सांगता येईल तितकं सांगितलं, तरी पोरीला ऐकू आलं ते एवढंच. आम्हालाही रिक्रूट असताना एवढंच ऐकू आलं होतं. मेजरसाहेबांनाही.

किचनमधून मॅडमचा आवाज आला. "मी नाही बसणार. तुम्ही जेवा."

"मम्मी, प्लीज. कम."

"नाही येणार."

मीही उठलो. दोघी उभ्या असताना मी कसा बसू? वसईच्या मसाल्याचं मटण टेबलावर निवत गेलं. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

जूनमध्ये रिया अकॅडमीत गेली. एअरपोर्टवर तिने मला कडक सॅल्यूट ठोकला. चुकीचा, कोपर खाली पडलेला. मी तो नीट केला. करायला नको होता, पण हात आपोआप गेला. शीला मॅडम बघत होत्या.  आता त्या एकट्या असतात आणि ओट्यापाशी उभ्यानेच जेवतात. बसा म्हटलं की म्हणतात, ती आत येऊ दे, साहेब.

ते तिघे गेले त्या तारखेला दरवर्षी मी गेटवर ड्यूटी सुरू करण्याआधी सावधान उभा राहून नावं घेतो. शिपाई बाळू शेलार. नायक तुकाराम खोत. मेजर नेल्सन डाबरे. पूर्वी दुसरं डाबरे नाव, रियाचं, मनातही येत नसे.