तीन भोकं

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला आळीतले सगळे भोकंवाला म्हणत. कारण साधं होतं. कोणाच्या घरी नवी डिस्क बसवली की जुनी तो तशीच सोडत नसे. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ड्रिलने तिला तीन भोकं पाडायचा. "आता तुमचं गुपित देवालाही वाचता येणार नाही," म्हणायचा. दुसऱ्याच्या फायली उघडायच्या नाहीत, हा त्याचा नेम. नव्या डिस्कवर उतरवलेल्या फायलींची नुसती संख्या मोजायची, ती जुळली की काम संपलं. इतका सरळ माणूस, पण सख्ख्या भावाशी सात वर्षं बोलला नव्हता.

चूक याचीच होती. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा दादा फोन करून करून थकला. नेहमीची कुरकुर असणार, म्हणून यानं फोन पालथा घालून ठेवला. पोचला तेव्हा आई गेली होती. "आता कशाला आलास?" दादानं दारातच विचारलं. पुढे कोणी कोणाला हाक मारली नाही.

दादा गेल्यावर महिनाभरानं वहिनींचा फोन आला. "भाऊजी, यांचा कॉम्प्युटर चालू व्हायला अर्धा तास घेतो. आतून कटकट वाजतं. पार बंद पडायच्या आत या. यांनी तुमच्यासाठी लिहून ठेवलंय काहीतरी. चार महिने लिहीत होते."

तो गेला. डिस्क खरंच शेवटच्या घटका मोजत होती. पडद्यावर एक चिन्ह होतं आणि त्याखाली 'धाकट्यासाठी' एवढंच नाव. दादानं माफ केलं असेल, की मनसोक्त झाडलं असेल?

"उघडा ना," वहिनी म्हणाल्या.

"आधी नवी डिस्क बसवू. मग झटकन उघडेल."

खरं म्हणजे जुन्या डिस्कवरही ते पाच-दहा मिनिटांत उघडलं असतं. जितकं लांबेल तितकं बरं, असं त्याला वाटत होतं.

डिस्कचे दोन भाग होते. पहिल्यात दादाचे फोटो, कागदपत्रं आणि पडद्यावरची सगळी चिन्हं. दुसऱ्याला दादानं 'अडगळ' असं नाव दिलं होतं आणि कटकट सगळ्यात जास्त तिथेच वाजत होती. लोकांच्या अडगळीत कचराच असतो, हा याचा वीस वर्षांचा अनुभव, म्हणून तो भाग यानं सोडूनच दिला. त्यानं पहिला भाग नव्या डिस्कवर उतरवला, संख्या जुळवली, 'धाकट्यासाठी' आलंय एवढं लांबूनच बघितलं. मग सवयीनं हात ड्रिलकडे गेला. तीन भोकं पडली.

कॉम्प्युटर आता चुटकीसरशी चालू झाला. "मी आत बसते, तुम्ही निवांत वाचा," म्हणून वहिनी उठून गेल्या. आता पळवाट उरली नव्हती. त्यानं चिन्हावर क्लिक केलं.

फाईल सापडत नाही, असं पडद्यावर आलं. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तेच. तेव्हा कुठे त्याला चिन्हाच्या कोपऱ्यातला बारीक बाण दिसला. बाण असला की ती नुसती पाटी, माल दुसरीकडे, असं त्यानं शेकडो गिऱ्हाइकांना बजावलं होतं. दादाचा माल अडगळीत होता. त्यानं टेबलावरची जुनी डिस्क उचलली आणि पुन्हा ठेवून दिली. तिचं काही होण्यासारखं नाही, हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

बऱ्याच वेळानं वहिनी बाहेर आल्या. "काय म्हणताहेत हो?"

'माफ केलंय' म्हणावं, असं क्षणभर मनात आलं. कोण तपासणार होतं? पण जीभ रेटेना.

"वहिनी, गेलं ते. मीच घालवलं. आधी उघडून बघायला हवं होतं. भीती वाटली मला."

मग तोच चाचरत म्हणाला, "तुम्हाला वाचून दाखवलं असेल ना? एखादी ओळ तरी?"

त्या दादाच्या खुर्चीत बसल्या.

"रोज म्हणायचे, ऐक गं जरा. मी म्हणायचे, भाऊजी येऊन वाचतील ना, तेव्हा ऐकीन."